तवक्कुल म्हणजे वकीलपत्र

रमजानचा पवित्र महिना सुरू आहे. पहाटे सहरीला उठायचे, दिवसभर अन्नपाण्यावाचून राहायचे आणि सूर्य मावळला की खजूर व पाण्याच्या घोटाने रोजा सोडायचा, एवढी बाहेरची ओळख आता भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीतल्या बहुतेक वाचकांना आहे. शेजारी रोजेदार असतो, बाजारातला फळवाला रोजेदार असतो, शाळेत एखादा विद्यार्थी आयुष्यातला पहिला रोजा धरून आलेला असतो. या महिन्याच्या आतल्या बाजूला मात्र एक शब्द आहे. मशिदीतल्या बयानात तो वारंवार येतो, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतो आणि त्याचाच सर्वांत जास्त गैरसमज होतो. तो शब्द म्हणजे तवक्कुल. अल्लाहवरचा भरवसा.

हा अरबी शब्द मराठी माणसाला वाटतो तितका परका नाही. ज्या धातूपासून तवक्कुल झाला त्याच धातूपासून ‘वकील’ झाला आहे. वकील म्हणजे ज्याच्याकडे आपले काम सोपवले तो. अल्लाहच्या नावांपैकी एक नाव ‘अल-वकील’ आहे. कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही वकीलपत्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वकीलपत्रावर सही केली म्हणून पक्षकाराचे काम संपत नाही. सातबारा काढून आणणे, फेरफाराची नक्कल मिळवणे, साक्षीदाराला तारखेला हजर ठेवणे हे त्यालाच करावे लागते. निकाल मात्र त्याच्या हातात नसतो आणि तो हातात नाही हे मान्य करूनच त्याने सही केलेली असते. कागद न देता वकिलाला दोष देणारा पक्षकार जसा असतो, तसा बी न पेरता आभाळाला दोष देणाराही असतो.

‘तकदीर’चेही तेच झाले आहे. कपाळावर लिहिलेले, न पुसता येणारे, असा तिचा अर्थ आपल्याकडे रुळला. शब्दाच्या मुळाशी मात्र माप आहे, मापून ठरवणे आहे. ‘कुदरत’ हा शब्दही त्याच धातूतला. किस्मत म्हणजे वाटणी, नशीब म्हणजे वाट्याला आलेला हिस्सा. या चारही शब्दांपैकी एकही माणसाला हात बांधून बसायला सांगत नाही. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण मराठीने आळशाची टिंगल करण्यासाठी घडवली. मुस्लिम मोहल्ल्यातही असा खाटल्यावरचा मुतवक्किल अधूनमधून दिसतोच, आणि तो आपल्या आळसाला दीनदारीचे नाव देतो. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना एका माणसाने विचारले होते की, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू? आधी बांध आणि मग भरवसा ठेव, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. ही हदीस इतकी प्रसिद्ध आहे की ती आता ऐकूनही न ऐकल्यासारखी होते.

भंडारा जिल्ह्यात उंट नाहीत, तलाव आहेत. या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते कौतुकाने नव्हे, गरजेने. इथे वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. ऐकायला हा आकडा मोठा आहे. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्यातही काही मोजक्या दिवसांत झोडपून काढतो आणि उतारावरून वैनगंगेकडे धाव घेतो. धानाला तर बांधीत पाणी उभे लागते. रोवणी झाल्यावर पावसाने पंधरा दिवस डोळे वटारले की पऱ्ह्यांसह शेतकऱ्याचाही जीव सुकतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणकारांनी हा प्रश्न ओळखला. जमिनीचा उतार डोळ्यांनी मोजून त्यांनी योग्य जागी मातीची पाळ घातली, जादा पाणी जाण्यासाठी सांडवा ठेवला, खालच्या बांध्यांकडे पाट काढले. तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन मिळे, असे सांगितले जाते. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. इंग्रजी अमलात ते मालगुजारांकडे होते. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, कागदोपत्री आणि बोलण्यात ‘मामा तलाव’. (मामाच्या घरी लाड होतात म्हणतात, या मामाकडे मात्र पुढची कित्येक वर्षे कोणी फिरकले नाही.)

ज्या कोहळ्याने पहिली पाळ घातली त्याचा विचार केला तर तवक्कुल ही काय चीज आहे ते कळते. पाऊस किती पडेल हे त्याला माहीत नव्हते. हवामान खाते नव्हते, उपग्रह नव्हता. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तो पश्चिमेकडे सरकत आला की आपल्याकडे झड लागते, हे त्याने ऐकलेही नव्हते. तरी त्याने हजारो टोपल्या माती वाहिली. पाण्याची आशा नसती तर त्याने पाळ घातली नसती आणि पाणी आपोआप थांबेल अशी समजूत असती तरीही घातली नसती. सूरह मुल्क अनेक मुस्लिम घरांत रात्री झोपण्यापूर्वी पढली जाते. तिच्या शेवटी कुरआन माणसापुढे एक प्रश्न ठेवतो: तुमचे पाणी जमिनीत खोल उतरून गेले, तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देणार? अरबस्तानच्या वाळवंटात विचारलेला हा प्रश्न बोअरवेल कोरडी पडलेल्या कुठल्याही गावात आजही जसाच्या तसा लागू पडतो.

इमाम गजाली हे इस्लामच्या इतिहासातले फार मोठे विचारवंत. इ.स. ११११ मध्ये ते वारले. ‘इह्या उलूमिद्दीन’ या त्यांच्या ग्रंथात तवक्कुलवर स्वतंत्र प्रकरण आहे. समोर ताट वाढलेले असताना हात पुढे न करता घास आपोआप तोंडात येईल म्हणून बसणे हा भरवसा नसून वेडेपणा आहे, आणि जमीन न कसता, बी न टाकता पिकाची वाट पाहणे हाही तसाच वेडेपणा आहे, असा त्यांचा निर्वाळा आहे. ज्या सूफी परंपरेला लोक जगापासून पाठ फिरवणारी समजतात, तिच्याच एका महान प्रवक्त्याचे हे मत आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

इस्लामी कायद्यात याहून सुंदर एक तरतूद आहे, आणि शेतीच्या जिल्ह्यात ती माहीत असायला हवी. संपत्तीवर वर्षाला अडीच टक्के जकात असते हे अनेकांना ठाऊक असते. शेतीच्या उत्पन्नातून गरिबांचा जो हिस्सा काढायचा त्याला उश्र म्हणतात आणि त्याचा दर पाण्यावर ठरतो. पीक पावसाच्या किंवा नैसर्गिक झऱ्याच्या पाण्यावर आले असेल तर दहावा हिस्सा. मोट चालवून, मेहनतीने आणि खर्चाने पाणी देऊन आले असेल तर विसावा. म्हणजे खरिपाच्या पावसावर आलेल्या धानातून दहा पोत्यांमागे एक, आणि मोटारपंपाच्या पाण्यावर काढलेल्या उन्हाळी धानातून वीस पोत्यांमागे एक. जिथे आभाळाने जास्त काम केले तिथे गरिबाचा वाटा जास्त. जिथे माणसाचा घाम आणि विजेचे बिल जास्त तिथे कमी. दैव आणि प्रयत्न यांच्यावर व्याख्याने पुष्कळ झाली आहेत, पण दोघांचा हिशेब असा पोत्यांत मांडलेला क्वचितच सापडेल. मामा तलावाच्या पाटाने आलेले पाणी यातल्या कोणत्या रकान्यात बसवायचे, हा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी तो मुफ्तींना जरूर विचारावा.

सृष्टीतला ईश्वरी कारभार पाहायला या जिल्ह्यात लांब जावे लागत नाही. धान कापणीला येण्याआधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोरीचे बी फेकतात. याला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, पाणी नाही. धान कापून नेले जाते आणि त्याच्या खोडक्यांमधून, मागे राहिलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दवावर, लाखोरी उगवून येते. सूरह वाकिआमध्ये पेरणाऱ्याला विचारले आहे की, जे तू पेरतोस ते तू उगवतोस की आम्ही? पेरणाऱ्याचे पेरणे तिथे नाकारलेले नाही. बी त्याने टाकले, हे गृहीतच धरले आहे. फक्त बी आणि अंकूर यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवले आहे. बियाणे रुजते कसे, हे वनस्पतिशास्त्र आज बारकाईने सांगते. ओल आत शिरते, विकरे जागी होतात, साठवलेल्या पिष्टाची साखर होते. हे सगळे कळल्यावर आश्चर्य कमी होते, असे ज्यांना वाटते त्यांनी ते नीट पाहिलेले नसावे. विज्ञानाने एक पायरी उलगडली की ईश्वर तेवढा मागे सरकला, अशी भीती श्रद्धावंतांनीही बाळगण्याचे कारण नाही. अज्ञानाच्या फटीतच ज्याला ईश्वर दिसतो, त्याची श्रद्धा दरवर्षी थोडी आटत जाणार.

कोशाचे उदाहरण तर खास आपलेच. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावची कोशाची वस्त्रे प्रसिद्ध आहेत. हा रेशीमकिडा तुतीवर नव्हे, तर जंगलातल्या ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढतो. झाडांवर अळ्या सोडल्या की मुंग्या, पाखरे, सरडे यांच्यापासून त्यांची राखण करत ढिवर कुटुंबे झाडांखाली मुक्काम ठोकतात. या काळात मांस वर्ज्य, संग वर्ज्य अशी पथ्ये पाळण्याची जुनी रीत होती. पोटापाण्याच्या धंद्यासाठी पाळलेला तो एक प्रकारचा रोजाच. राखण जिवापाड करायची, पण अळीने कोश विणावा की नाही हे राखणदाराच्या हाती नसते, म्हणून मग पथ्य. वेगळा धर्म, वेगळी भाषा, पण मनाची ठेवण तीच. आणि या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, ती सोयीस्करपणे गाळू नये. धागा अखंड मिळावा म्हणून कोश उकळला जातो आणि आतला जीव मरतो. ईश्वराची योजना किती सुंदर, असे साडी पाहणाऱ्याने म्हणायला हरकत नाही, पण ते कोशाच्या बाहेरून म्हटलेले असते.

कोशाच्या आत असलेल्या माणसाचे काय, हा खरा प्रश्न आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. मोठा पाऊस झाला तो वरच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशात. तिथल्या धरणांतून पाणी सुटले आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत, पवनी-लाखांदूरच्या नदीकाठच्या गावांत घरांत शिरले. पोटरीत आलेले धान चिखलाखाली गेले. त्याआधी २०१७ च्या खरिपात तुडतुड्याने उभी पिके जाळली होती. आणि ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. सात बालकांना बाहेर काढता आले. दहा बालके गेली.

त्या रात्रीपुढे ईश्वराच्या गूढ योजनेबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी थोडा वेळ गप्प बसावे. मृत्यूची बातमी ऐकली की मुसलमान एक वाक्य उच्चारतो. आपण अल्लाहचेच आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत, असा त्याचा अर्थ आहे. हिंदू घरांत ‘देवाची मर्जी’ म्हणतात. ही वाक्ये ज्याचे दुःख आहे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायची आहेत. आपले मूल गमावलेली आई ती म्हणते तेव्हा त्यात सब्र असतो. ज्याच्यावर विजेची जोडणी, धुराचा इशारा देणारी यंत्रणा, रात्रपाळी यांची जबाबदारी असते, त्याने तीच वाक्ये म्हटली तर ती पळवाट होते. भंडाऱ्याच्या आगीनंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. तरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटले, रुग्ण दगावले. एकाच वर्षात तीन ठिकाणी तसेच घडते, तेव्हा त्याला तकदीर म्हणून मोकळे होता येत नाही. पुराच्या वेळीही दोन राज्यांच्या पाटबंधारे खात्यांत समन्वय होता का, हे विचारले गेले, आणि ते विचारणे श्रद्धेच्या विरोधात नव्हते. उंट बांधला होता का, एवढेच ते विचारणे होते.

प्रेषितांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम हिजरी सन १० मध्ये वारला. वय जेमतेम दीड वर्ष. मुलाचा श्वास थांबत असताना प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. सोबतच्या सहाबींना आश्चर्य वाटले, तेव्हा हे अश्रू म्हणजे रहमत आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. अनेक इतिहासकार ते २७ जानेवारी ६३२ चे ग्रहण मानतात. मदिनेत लोक म्हणू लागले की प्रेषितांच्या मुलाच्या मृत्यूने सूर्यही काळवंडला. एखाद्या धर्मसंस्थापकाला याहून सोयीची अफवा कोणती मिळणार? त्यांनी ती तिथल्या तिथे खोडून काढली. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी लोकांना समजावले आणि नमाज पढली. मुलगा गेला त्या दिवशी, स्वतःच्या दुःखालाही, त्यांनी आभाळाचा संकेत होऊ दिले नाही. आज कोणत्या गावाला पूर का आला, कोणाचे मूल का गेले, कोणत्या पापाची ती शिक्षा होती, हे छातीठोकपणे सांगणारे दोन्हीकडे आहेत. त्यांनी हा प्रसंग एकदा वाचावा.

पण अशा वेळी धर्मग्रंथातलीच एक कथा पुढे केली जाते, ती हजरत मूसा आणि खिज्र यांची. सूरह कहफमध्ये ती आहे आणि शुक्रवारी ही सूरह पढण्याचा अनेकांचा नेम असतो. मूसा एका ज्ञानी पुरुषाच्या सोबतीने प्रवासाला निघतात. अट एकच, प्रश्न विचारायचा नाही. गरीब नावाड्यांनी दोघांना नावेत घेतले, तर त्या पुरुषाने नावेलाच भोक पाडले. पुढे त्याने एका मुलाचा जीव घेतला. त्यानंतर ज्या गावाने त्यांना घासभर अन्नही नाकारले, तिथली पडू आलेली भिंत त्याने फुकट उभी करून दिली. मूसांना तिन्ही वेळा राहवले नाही, त्यांनी जाब विचारला. शेवटी उलगडा होतो. पुढे एक राजा चांगल्या नावा जबरीने हिसकावत होता. भोक पडल्याने ही नाव वाचली. भिंतीखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता. ती मोठी होईपर्यंत तो झाकलेला राहिला. वैनगंगेच्या काठावरच्या ढिवराला नावेची किंमत सांगावी लागत नाही आणि नावेला भोक पाडणाऱ्याला तो काय म्हणेल हेही सांगावे लागत नाही. तरी नावेची आणि भिंतीची गोष्ट मनाला पटते.

मधली गोष्ट पटत नाही. त्या मुलाबाबतही खुलासा दिलेला आहे: तो आपल्या श्रद्धाळू आईबापांना पुढे छळणार होता आणि त्याच्या जागी त्यांना अधिक चांगले अपत्य मिळणार होते. मुफस्सिरांनी यावर पानेच्या पाने लिहिली आहेत. वाचणाऱ्याचा आवंढा तरीही अडतोच, आणि तो अडावा अशीच त्या कथेची मांडणी असावी. कारण त्या पुरुषाने जे केले ते अल्लाहने खास दिलेल्या ज्ञानावर केले. आपल्या मनाने नव्हे, हे तो स्वतःच सांगतो. ते ज्ञान दुसऱ्या कोणाला दिलेले नाही. शरीअत मूसांची राहिली. म्हणजे नावेला भोक पडताना दिसले तर ओरडायचे, निरपराधाचा जीव जाताना दिसला तर आडवे यायचे, हाच माणसांसाठी कायदा राहिला. दहा बालकांच्या मृत्यूच्या संदर्भात जर कोणी खिज्रची कथा सांगू लागला, तर तो स्वतःला खिज्रच्या जागी बसवत आहे हे त्याला सांगितले पाहिजे. ईश्वराला कारण ठाऊक असेल, यावर विश्वास ठेवणे वेगळे. ते कारण मला ठाऊक आहे असा दावा करणे वेगळे. पहिल्याला तवक्कुल म्हणतात. दुसऱ्याला उर्दूत गुस्ताखी म्हणतात.

दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी हा फरक एका वाक्यात नव्हे तर कृतीत दाखवला. हिजरी १८, म्हणजे इ.स. ६३९ च्या सुमारास ते शाम देशाकडे, आजच्या सीरियाकडे निघाले असता सीमेवर कळले की तिथे प्लेगची साथ आहे. त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. सेनापती अबू उबैदा (रजि.) यांना ते रुचले नाही, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे त्यांनी विचारले. उमर यांनी गुराख्याचे उदाहरण दिले. एका खोऱ्याच्या दोन बाजू आहेत, एक हिरवी, एक वाळलेली. गुरे कुठेही चारली तरी ती अल्लाहच्या तकदीरनेच चरणार. म्हणून शहाणा गुराखी वाळलेल्या बाजूला जातो काय? एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जाणे, असा त्यांच्या उत्तराचा भाव होता. अबू उबैदा आपल्या फौजेसोबत राहिले आणि त्याच साथीत वारले. इतिहासाने त्यांना भित्रे किंवा मूर्ख ठरवले नाही, आणि उमर यांनाही नाही. एप्रिल-मे २०२० मधला रमजान अनेकांना आठवत असेल. मशिदी बंद, तरावीह घरात, ईदची नमाज घरात. तेव्हाही काहींना वाटले होते की हा श्रद्धेचा पराभव आहे. ज्यांना उमर यांचा हा किस्सा माहीत होता त्यांनी निमूटपणे घरीच मुसल्ला अंथरला.

श्रद्धेने केलेल्या कामाचे एक चांगले उदाहरण इथल्याच पाण्यात आहे, जरी ते करणाऱ्यांनी त्याला हे नाव दिले नसले तरी. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ आणि मनीष राजनकर यांनी अर्जुनी मोरगाव भागातल्या ढिवरांसोबत तलावांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. हा भाग १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा होण्यापूर्वी भंडाऱ्यातच होता. तलावांत बेशरम माजली होती, बाहेरून आणून सोडलेल्या माशांच्या जाती वाढल्या होत्या आणि पूर्वीची स्थानिक मासळी दिसेनाशी झाली होती. जुन्या ढिवरांना कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, कशावर जगतो, हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. त्या माहितीवर विसंबून उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला गेला, बेशरम उपटली गेली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या गेल्या. या कामात ढिवर बायका पुढे होत्या. वनस्पती लावल्या माणसांनी. पाऊस आला, तलाव भरला आणि मासळी परतली. नांगरणारीला माशांना बोलावणे पाठवता येत नव्हते. तिला फक्त ते येतील तेव्हा जागा तयार ठेवता येत होती.

रिज्क अल्लाहकडून येतो, पृथ्वीवर चालणाऱ्या प्रत्येक जीवाची रोजी त्याने आपल्या जिम्म्यावर घेतली आहे, असे कुरआन सांगतो. ती येते मात्र बहुतेक वेळा कोणाच्या तरी हातून. म्हणून फितरा ईदच्या नमाजपूर्वी द्यायचा असतो, नंतर नव्हे; ज्याच्या घरी ईदचा शिरखुर्मा होण्याची शक्यता नाही त्याला सकाळीच साहित्य मिळावे म्हणून. ‘अल्लाह देईल’ असे दारात आलेल्याला म्हणणाऱ्याने अल्लाहने आपल्याकडे कशासाठी दिले होते, याचा विचार केलेला नसतो.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत शब-ए-कद्र येते. हजार महिन्यांहून श्रेष्ठ मानलेली ही रात्र. यातला ‘कद्र’ तोच, तकदीरमधला. ही रात्र नेमकी कोणती, ते सांगितलेले नाही. शेवटच्या दहा रात्रींपैकी विषम रात्रींत शोधा, एवढाच निर्देश आहे. लोकांनी सत्ताविसावी धरून ठेवली आहे, तरी जाणकार पाचही रात्री जागतात. तारीख जाहीर झाली असती तर चार रात्री लोक झोपले असते.

यंदाचा रमजान पळस फुलण्याच्या दिवसांत आला आहे. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने तो दरवर्षी मागे सरकतो. २०१३ मध्ये तो ऐन जुलैत, रोवणीच्या हंगामात होता, आणि पुन्हा रोवणीत यायला वीसेक वर्षे लागतील. सध्या मात्र तलाव उतरत आहेत. काठ उघडे पडत आहेत, कुठे कुठे तळाचा गाळ भेगाळून दिसू लागला आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना आहे. गाळ काढता येतो, शेतकऱ्याला तो शेतात टाकता येतो. ईदनंतर मृगाच्या पावसापर्यंत जेमतेम अडीच महिने उरतात. आपल्या गावच्या तलावाचा प्रस्ताव गेला आहे की नाही, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारता येते, रोजा असतानाही.